उंदीर, गुणसूत्रे आणि मिलची पद्धती

तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही जॉन स्टुअर्ट मिल यांची व्यतिरेक पद्धती शिकलो. एक घटक काढून घ्यावा, बाकी सर्व तसेच ठेवावे आणि काय बिघडते ते पाहावे. पुस्तकातील उदाहरणे मला नीरस वाटत. या पद्धतीचे खरे बळ मला कळले ते उंदरांच्या शुक्राणूंवरील संशोधन वाचताना. कला शाखेच्या अंकात हा विषय पाहून वाचकांनी दचकू नये.

सस्तन प्राण्यांत मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर नराच्या पेशीत एक एक्स व एक वाय. गर्भाला नर बनवणारे जनुक म्हणजे वायवरील एसआरवाय, हे लंडनमधील संशोधकांनी १९९० साली ओळखले. पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक दोन एक्स असलेल्या उंदरात घातले. मादी व्हायची, तो नर झाला! त्याला वृषण होते, माद्यांशी त्याचा समागमही होई. पण वृषणात शुक्राणू नव्हते. म्हणजे एसआरवाय वृषणासाठी पर्याप्त; शुक्राणूंसाठी नव्हे.

येथे मी वाचता वाचता थांबलो. आमच्या नात्यातील एका काकूंनी मुलासाठी कित्येक वर्षे उपासतापास केले. काका धडधाकट, म्हणून त्यांची तपासणी करावी असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. बाहेरून सर्वार्थाने नर असूनही आत शुक्राणू नसावेत, हे त्या उंदराने दाखवून दिले होते.

मग शुक्राणूंना आणखी काय लागते? हवाई विद्यापीठात मोनिका वॉर्ड यांच्या गटाने याचा शोध घेतला. वृषणात दोन एक्स असलेल्या शुक्रपेशींचा निभाव लागत नाही. म्हणून त्यांनी एकच एक्स असलेले, वाय मुळीच नसलेले उंदीर घेतले. नुसत्या एसआरवायने मूळ शुक्रपेशींची वाढ आरंभीच खुंटे. वायवरचेच ईआयएफ२एस३वाय हे दुसरे जनुक जोडताच पेशी वाढून पुढे विभागू लागल्या. शेपूट न फुटलेल्या, गोल, अपक्व अवस्थेपर्यंत त्या पोचल्या. अशी पेशी सुईने अंड्यात सोडली आणि पिल्ले जन्मली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

२०१६ साली याच गटाने ही दोन्ही जनुकेही वगळली! एसआरवाय जे सॉक्स९ जनुक चालू करते, ते वायवर नाहीच; तेच थेट जोराने चालवले. दुसऱ्याच्या जागी त्याचे एक्सवरील भावंड, ईआयएफ२एस३एक्स, वापरले. तरीही पिल्ले झाली.

तेव्हा वाय अनावश्यक ठरला काय? प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी अनावश्यक, ते आधी सांगायला हवे. सुईच्या मदतीने पिल्ले होण्यासाठी, हो. शेपटीचा, स्वतः पोहत जाणारा शुक्राणू मात्र या उंदरांत घडला नाही. त्यासाठी वायवरील इतर जनुके लागतात. आणि हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावताही येत नाही, कारण मानवाच्या वाय गुणसूत्रावर ईआयएफ२एस३वाय हे जनुकच नाही.