बॉयलर पेटण्याआधी ट्रॉलीचे टायर पाहा

दसरा जवळ आला की पुणे जिल्ह्यातले ऊस वाहतूकदार कामाला लागतात. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, मुकादमाशी बोलणी होतात, कारखान्याचा करार होतो. ट्रॉली मात्र गेल्या हंगामात जिथे सोडली तिथेच गवतात उभी असते. पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी हवा भरायची आणि फडावर न्यायची, ही आपली रीत मोडायला हवी. ट्रॅक्टरचा टायर झिजून जातो, ट्रॉलीचा बहुतेक वेळा उभ्या-उभ्या म्हातारा होतो.

रबरात मेणासारखा घटक मिसळलेला असतो. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो आणि ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवणारा थर तोच. सात-आठ महिने चाक हललंच नाही तर हा थर नव्याने तयार होत नाही. त्यात हवा कमी झालेली असते, सगळा भार एकाच जागी येतो आणि वरून ऊन. म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजू चिरलेली असते.

नक्षीच्या आधी टायरची जन्मतारीख वाचा. बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात. ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. कधी हे अंक एकाच बाजूला असतात, तेव्हा ट्रॉलीखाली वाकून आतली बाजूही पाहा. सहा वर्षं झाली की दर हंगामाआधी टायर रिंगवरून उतरवून आतून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी काढा.

तारीख बरी असली तरी बाजूवरून हात फिरवा. नख अडकेल इतकी चीर, उघडा पडलेला दोरा किंवा कुठेही फुगा दिसला तर तो टायर भरलेल्या ट्रॉलीला नको. फुगा म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटलेत; आतून गेटर टाकून ते पुन्हा जुळत नाहीत. टायर उतरवलाच आहे तर फ्लॅप पाहा. कडक झालेला, तडकलेला फ्लॅप नवी ट्यूबही खातो.

पैसे वाचवायला ट्रकचा उतरवलेला टायर ट्रॉलीला चढवतात. भाव निम्म्याहून कमी असेल, पण तारीख न वाचता तो घेऊ नका. जोडचाकांत एक नवा आणि एक गुळगुळीत टायरही नको. उंच टायर जास्त भार घेतो, तापतो आणि आधी तोच जातो.

आता रस्त्याचा विचार करा. पुरंदरचा माल दिवे घाट उतरून हडपसरमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. साताऱ्याकडून येणाऱ्याला नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार लागतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. अशा वेळी टायर फुटला तर ट्रॉली एका अंगाला ओढली जाते, आणि शेजारून कुणीतरी दुचाकीवर लेकरू बसवून चाललेलं असतं. नव्या टायरचा खर्च मोठा आहे हे मान्य, पण या जागी ती काटकसर मला पटत नाही.

हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजा आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या भाराशी ताळा करा. कमी हवा आणि जादा मोळ्या एकत्र आल्या की टायर आतून तापतो. शेतीच्या टायरवर ए६ असेल तर वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर, ए८ असेल तर ४०. रिकामी ट्रॉली परत नेताना हीच मर्यादा सर्रास मोडली जाते.

हंगाम संपला की ट्रॉली जॅकवर उचलून आसाखाली लाकडी ओंडके द्या आणि टायरवर ताडपत्री टाका. तेवढं जमत नसेल तर महिन्यातून एकदा हवा भरून चार पावलं पुढे-मागे करा.

काढलेल्या टायरच्या बाजूला आडवा काप मारा, म्हणजे तो फिरून दुसऱ्या कुणाच्या ट्रॉलीला चढणार नाही. मुरघासाच्या कागदावर वजन म्हणून तो चांगला उपयोगी पडतो. फक्त आधी भोकं पाडा, नाहीतर त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.