पाठीवरचे ओझे आणि रात्रीची ऊब

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. सतरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. "डॉक्टर, याला उजवा हात वर उचलता येत नाही. भांग पाडायलासुद्धा डावा हात लागतो. आणि दुखत म्हणाल तर काहीच नाही," आई सांगत होती. घरात कुणीतरी 'अर्धांगाचा झटका असेल' असे बोलून गेले होते, त्यामुळे माउलीचा चेहरा पार उतरलेला. त्यातच बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

मी तपासले. हाताची पकड चांगली होती, बोटे व्यवस्थित हलत होती. पण दंड बाजूला उचलणे आणि कोपर वाकवणे त्याला जड जात होते. चेहरा, वाचा, पाय, सारे ठीक. चौकशी केल्यावर कळले, की नाताळच्या सुट्टीत चिरंजीव मित्रांबरोबर रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत तीन दिवस चालून आले होते. मी म्हटले, "जशी नेली होतीस तशीच सॅक भरून उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या वजनकाट्यावर सॅक ठेवली. १७ किलो! मुलाचे स्वतःचे वजन ५२ किलो. म्हणजे हा पोरगा आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा पाठीवर घेऊन तीन दिवस डोंगर चढत-उतरत होता.

खांद्यातली दबलेली नस

मानेतून निघणाऱ्या नसांचा जुडगा गळ्याजवळच्या आडव्या हाडामागून काखेत आणि तिथून हातात उतरतो. जड सॅकचे पट्टे तासन् तास खांद्यावर काचले, की या जुडग्याचा वरचा भाग दबतो. मग खांदा व दंडाचे स्नायू दुबळे होतात आणि बहुधा दुखत नाही. म्हणूनच घरचे लोक घाबरतात. वैद्यकात याला 'रकसॅक पाल्सी' असेच नाव आहे. सैन्यातल्या जवानांमध्ये हा विकार पूर्वीपासून माहीत आहे. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण आराम पडतो. मात्र ओझे बंद ठेवावे लागते आणि व्यायाम नेमाने करावा लागतो. या मुलाला मी नसांच्या तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनीही हेच निदान केले. बोटे शाबूत असल्याने प्रात्यक्षिक परीक्षा त्याने दिली. हात पूर्ववत व्हायला मात्र नऊ आठवडे गेले.

त्याच्या सॅकला कमरेचा पट्टा नव्हता. हा पट्टा कंबरेच्या हाडावर नीट बसला, तर बराचसा भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. तोही फार आवळू नये. आवळल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो. याशिवाय उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात, ओझे जितके जास्त तितके ते लवकर थकतात. मग गुडघा दुखतो, पाय लटपटतो आणि घोटा मुरगळतो. डोंगरातले अपघात पुष्कळदा असे थकल्या पायांनी उतरताना होतात.

वजन कुठे दडलेले असते?

आम्ही दोघांनी सॅकमधले सगळे काढून एकेक वस्तू मोजली. रिकामी सॅक २ किलो. तिघांचा तंबू, जो या एकट्यानेच वाहिला होता, साडेतीन किलो. घरची कापसाची रजई अडीच किलो. सतरंजी आणि चादर मिळून दीड किलो. कपडे अडीच किलो, त्यात दोन जीन्स. शिधा आणि स्टीलची भांडी अडीच किलो. पाणी २ किलो. टॉर्च, औषधे वगैरे किरकोळ अर्धा किलो.

बेरीज करून पाहा. तंबू, अंथरूण-पांघरूण आणि ते वाहून नेणारी सॅक यांचेच साडेनऊ किलो झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त ओझे हे फक्त रात्रीच्या सात-आठ तासांसाठी होते! आपण मात्र वजन कमी करायचे म्हणून साबणाची वडी अर्धी कापतो, नाहीतर पाण्याची बाटली घरी ठेवतो. वाचकहो, ही काटकसर चुकीच्या जागी होते. कात्री लावायची ती रात्रीच्या सामानाला. पण तीही समजून-उमजून.

'समजून-उमजून' असे म्हणण्याचे कारण माझ्याच अनुभवात आहे.

एक फसलेली रात्र

१९९३ च्या डिसेंबरात मी इंटर्नशिप करत होतो. आम्ही पाच मित्र हरिश्चंद्रगडावर निघालो. 'गुहेतच तर झोपायचे, अंथरुणे कशाला?' असे म्हणून सतरंज्या आम्ही घरीच ठेवल्या. प्रत्येकी एक ब्लँकेट घेतले आणि हलक्या पाठीने गाणी म्हणत चढलो. रात्री दगडी जमिनीवर आडवे झालो तेव्हा चूक कळली. ब्लँकेट खाली घ्यावे तर वरून थंडी, वर घ्यावे तर खालचा दगड अंगातली ऊब ओढून घेत होता.

आमच्यातला एक जण घामाने भिजलेल्या बनियनवरच झोपला होता. पहाटे तीनच्या सुमारास तो असंबद्ध बोलू लागला. हाताने बाटलीचे झाकण उघडेना. आम्ही सारे होऊ घातलेले डॉक्टर, पण पहिली दहा मिनिटे 'झोपेत बरळतोय' म्हणून हसत होतो. मग एकदम लक्षात आले, की हा शरीराचे तापमान उतरल्याचा प्रकार आहे. ओले कपडे काढले, कोरडे घातले. खाली रिकाम्या सॅक, दोर, वाळलेले गवत, जे मिळेल ते पसरले. दोघे त्याला दोन्ही बाजूंनी बिलगून झोपले. शुद्ध चांगली होती म्हणून गूळ घातलेला गरम चहा घोट घोट दिला. उजाडेपर्यंत गडी ठीक झाला. आज तो मोठा सर्जन आहे आणि ही गोष्ट हसत सांगतो. मला मात्र अजून हसू येत नाही.

रात्री ऊब जाते कशी?

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते: थंड जमिनीला अंग टेकल्याने, वाऱ्याने, उघड्या आकाशाकडे उत्सर्जनाने आणि अंगावरचा ओलावा सुकताना. पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपली ऊब धरून ठेवते. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते, म्हणून खालच्या बाजूला जाड रजईचाही उपयोग कमी होतो. आणि कापड भिजले, की हवेच्या जागी पाणी येते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते.

एवढे कळले, की काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे आपोआप कळते.

खाली कॅरीमॅट हवीच. बंद छिद्रांच्या फोमची ही मॅट जेमतेम ४०० ग्रॅमची असते, पाणी पीत नाही आणि दाबानेही फारशी चपटी होत नाही. दीड किलोच्या सतरंजी-चादरीपेक्षा ती अधिक ऊब राखते. तीनशे-चारशे ग्रॅमच्या लोभाने ही मॅट सोडू नका.

वर कापसाच्या रजईऐवजी कृत्रिम धाग्यांची स्लीपिंग बॅग घ्यावी. आपल्या सह्याद्रीतल्या थंडीला सव्वा-दीड किलोची पुरते. पिसांची बॅग याहून हलकी आणि उबदार, पण महाग, आणि भिजली की निरुपयोगी. विकत घ्यायलाच पाहिजे असे नाही, मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळते. नाहीतर गावातल्या गादीवाल्याकडून फायबर भरलेली दुलई शिवून घ्या. १९९० च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाने सांगितले, की अंगाखाली दबणारा भाग ऊब देत नसेल तर तो वाहायचाच कशाला? खाली मॅट आणि वर नुसती दुलई घ्या. आपल्या आज्या खाली घोंगडी आणि वर गोधडी घालून हेच तर करत होत्या!

आडोशासाठी कोरड्या ऋतूत तंबूऐवजी हलकी नायलॉनची ताडपत्री चालते. ती दव अडवते, आकाशाकडे जाणारी उष्णता रोखते आणि वाऱ्याच्या बाजूला खाली बांधली तर वाराही थोपवते. तंबू न्यायचाच असेल तर कापड, खांब आणि खुंट्या तिघांत वाटून घ्या. पावसाळ्यात आणि उघड्या माथ्यावरच्या सोसाट्यात मात्र ताडपत्रीवर विसंबू नये. तंबू पूर्ण बंद करू नका. श्वासातल्या वाफेने आतून पांघरूण भिजते. आत स्टोव्ह किंवा कोळसा तर चुकूनही पेटवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच जीव घेतो.

हलके व्हा, उघडे पडू नका

ताडपत्रीला दार नसते, ही गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली, तर वेळ न दवडता सर्पदंशाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले. पण त्यासाठीही रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचायला हवा. म्हणून ताडपत्रीखाली मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा मॅटखाली नीट खोचा. दोन-तीनशे ग्रॅमचे हे ओझे जीव वाचवणारे आहे. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका.

मच्छरदाणी आणि मॅटप्रमाणेच पुढील गोष्टींतही काटकसर नको:

१. पिण्याचे पाणी, टॉर्च, नेहमीची औषधे आणि जलसंजीवनीची पाकिटे.

२. रात्रीसाठी कोरडे कपडे, मोजे आणि कानटोपी. हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. मुक्कामावर पोचताच घामाचे कपडे बदला.

३. झोपण्यापूर्वी पोटात काहीतरी हवे. शेंगदाण्याचा लाडू उत्तम. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून उलट उष्णता लवकर जाते.

एकूण ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी दहाव्या हिश्श्यावर समाधान मानावे. हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

'हे सगळे महागड्या सामानाचे चोचले आहेत,' असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक उदाहरण. एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आईने १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकटीने पार केली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला घरी शिवलेली पिशवी, त्यात ब्लँकेट, रेनकोट आणि स्नानगृहातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. हंगाम उन्हाळ्याचा निवडला आणि वाटेतले निवारे व लोकांची घरे यांचा आसरा घेतला. काय लागते आणि काय लागत नाही, हे तिला नेमके ठाऊक होते.

गेल्या डिसेंबरात तोच मुलगा पुन्हा दवाखान्यात आला, या वेळी पाठीवर सॅक घेऊन. "सर, निघण्याआधी काट्यावर ठेवू का?" कमरपट्ट्याची सॅक १.३ किलो, भाड्याची स्लीपिंग बॅगही १.३ किलो, मॅट ४०० ग्रॅम, ताडपत्री-मच्छरदाणीतला त्याचा वाटा अर्धा किलो. रात्रीचे सारे सामान साडेतीन किलोत बसले होते. कपडे आणि शिधा प्रत्येकी दीड किलो, पाणी पूर्वीइतकेच २ किलो, किरकोळ अर्धा. काटा ९ किलोवर थांबला.

त्याच्या आईने मागून विचारले, "डॉक्टर, आता जाऊ देऊ ना?"

मी म्हटले, "ताई, खुशाल जाऊ द्या. फक्त मॅट घेतलीय का ते तेवढे बघा."