चौथं बोअर घेण्याआधी

चि. संतोष,


काल वरच्या आळीच्या काकूंचा फोन आला. सोमवारी तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आपल्या रानात येणार, ८०० फुटांचं ठरलंय, आणि त्यासाठी सूनबाईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्यात म्हणे. खरं आहे का रे? ही गोष्ट मला तुझ्या तोंडून कळली नाही, हे फार लागलं.

चौथं बोअर, संतोष! तिसऱ्याच्या वेळी मी होतेच की तिथं. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, त्याच जागी गाडी लावली, आणि मध्यरात्र उलटली तरी भोकातून नुसती कोरडी राखाडी भुकटी उडत होती. सकाळी लिंबोणीचं पान न् पान तिनं माखलं होतं. तू बांधावर बसून होतास, चहाला हात लावला नाहीस. ते मी अजून विसरले नाही.

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम आणि फुटका खडक. त्याखाली घट्ट दगड. तिथं एखादी भेग लागली तर लागली. लागलेलं पाणीही वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं, ते मोटर दोन उन्हाळ्यांत उपसून टाकते. शिवाय केसिंग वरवरच घातलं तर वरच्या झऱ्याचं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. पहिल्या बोअरनंतर आपली विहीर आटली, ती काय उगाच? २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जायला मनाई आहे, ती याचसाठी. गावात कुणी अडवत नाही म्हणून तू ८०० फूट जाणार?

आणि हे सगळं उसासाठी! आपल्याकडे चांगल्या वर्षी ७०० मिलिमीटर पाऊस. उसाला २००० च्या आसपास पाणी लागतं. उरलेलं कुठून आणणार, शेजाऱ्याच्या विहिरीतूनच ना? आपल्या बीडची माणसं ऊस तोडायला मुलखाबाहेर जातात, हे दुःख काय कमी आहे, म्हणून तो दारातही लावायचा? कारखाना हमखास घेतो, तुरीला भावाची खात्री नाही, हे मला कळतं. सरकारचंही यात चुकतंच. पण पाटल्या गहाण पडतात त्या आपल्या घरातल्या.

दादा आणि मी एकदा हिवरे बाजारला गेलो होतो. आपल्याहून पाऊस कमी. तरी पोपटराव पवारांच्या त्या गावानं शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही असं ठरवलं आणि पाळलं. पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसं-जनावरं, मग पिकं. त्याच्याही आधी पुरंदरला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीत घरटी माणसं मोजून पाणी वाटलं, जमीन मोजून नाही, आणि ऊस त्यांनीही वर्ज्यच केला. परतताना एसटीत दादा म्हणाला होता, आपल्या गावाला हे जमेल का गं? ते तसंच राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची. खडी फोडली, सुकडी खाल्ली. धान्य नव्हतं, पण आडाला पाणी होतं. आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मधल्या काळात हे कसं झालं, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. आमचे आप्पा मात्र पाणी अडवायला दर मृगाआधी कुदळ घेऊन एकटे बांध घालायचे. ओघळ कुठं अडवायचा, सांडवा कुठं काढायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. मी भाकरी घेऊन जायची, ठेवायची आणि मैत्रिणींकडे पळायची. एकदाही जवळ बसून विचारलं नाही. ते गेले आणि ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आता फार वाटतं.

तर सोमवारची गाडी थांबव. इसार बुडाला तर बुडू दे. त्याच पैशातून विहिरीचा गाळ काढ, ओढ्याच्या अंगचे फुटलेले बांध भर, यंदा तूर आणि ज्वारी कर. गावातल्या चारजणांना घेऊन बस. एकट्यानं बोअर बंद करून काय होणार, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे.

बोलले जास्त. पण माझा जीव पाण्यात अडकलेला नाही, तुझ्यात अडकलाय. हल्ली तू कुणाशी बोलत नाहीस, रात्री ओट्यावर बसून असतोस, असं काकू म्हणाल्या, तेव्हापासून मला झोप नाही. कर्ज किती, कुणाचं, सगळं मला सांग. रागावणार नाही. माझ्या पेन्शनीतलं थोडं साठलंय, ते पाटल्या सोडवायला आहे, बोअरला नाही. सूनबाईला हे आजच सांग. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते. मेथकूट करून आणते, तुला आवडतं तसं. तोवर रोज संध्याकाळी मला फोन कर बाळा, काही बोलायचं नसलं तरी कर.

तुझी,
आत्या