दिवे घाटाच्या पलीकडची थंडी

हडपसर मागे टाकून दिवे घाट चढला की पुरंदर तालुका लागतो. सासवडच्या पुढे आमची शेती आहे आणि शेतातच पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. माझं माहेर पुण्यातल्या पेठेतलं, सासर इथलं. त्यामुळे पाहुणा कुठल्या घरातून निघतो आणि कुठल्या घरात येतो, हे दोन्ही मला ठाऊक आहे. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचं काम उभं केलं, २०२० मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरण आणलं, आणि आता पुण्याच्या आसपास अशी घरं बरीच झाली आहेत. पाहुणे बारा महिने येतात, पण खरा हंगाम मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा. या तीन महिन्यांनी जे शिकवलं ते लिहिते आहे. नव्यानं खोल्या बांधणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

१. आधी पंचांग उघडावं, मग बुकिंगची वही.

मार्गशीर्षात लग्नाच्या तिथी दाट असतात. पुण्याच्या कुटुंबांचे शनिवार-रविवार मंगल कार्यालयांत जातात. पौष लागला की लग्नं थांबतात, घरं मोकळी होतात आणि आमचा फोन वाजायला लागतो. माघात पुन्हा मुहूर्त, पुन्हा खोल्या रिकाम्या. डिसेंबरातला ‘सवाई’चा आठवडाही आम्ही धरून चालतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवाच्या दिवसांत गाणं ऐकणारा पुणेकर शहर सोडत नाही. महोत्सव संपला की मात्र तीच मंडळी चार दिवस शांतता मिळावी म्हणून येतात. रात्री अंगणात बसून ऐकलेल्या मैफलींबद्दल ती बोलतात, ते ऐकायला मलाही आवडतं.

गावाचंही पंचांग असतं. दत्तजयंतीला नारायणपूरच्या रस्त्यावर गर्दी, चंपाषष्ठीला जेजुरीच्या रस्त्यावर. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. या दिवशी येणाऱ्या पाहुण्याला रस्त्याची कल्पना आधी द्यावी, आणि त्याला यात्रा बघायची असेल तर पहाटेच सोबतीला माणूस द्यावा.

२. थंडीची वर्दी दुपारीच द्यावी.

पुणेकराला वाटतं, आपल्याला थंडी माहीत आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, जुन्या पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांची नोंद झाली होती हेही काही जण सांगतात. पण आताच्या शहरात सिमेंट आणि डांबर दिवसाचं ऊन रात्रभर परत देत राहतं. मगरपट्ट्यात राहणाऱ्याला रात्री पंखा लागतो, त्याच रात्री शिरूर-हवेलीकडची मोकळी रानं गारठलेली असतात. आमच्याकडे आभाळ निरभ्र असलं की जमिनीतली ऊब सूर्य मावळताच वर निघून जाते. जड गार हवा उतारानं खाली येते आणि ओढ्याच्या अंगाला साचते. म्हणून वयस्कर माणसांना ओढ्याकडची खोली देत नाही.

पाहुणा पोचतो तो भर उन्हात, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. त्याला तेव्हाच सांगावं लागतं की स्वेटर गाडीत ठेवू नका, दिवेलागणीला लागेल. सकाळ-दुपारच्या तापमानात वीस अंशांचा फरक इथं नवा नाही. लहान मुलांसाठी कानटोप्या आणि पायमोजे आमच्याकडे धुऊन तयार असतात.

३. हुरडा पोत्यात भरून पुण्याला नेता येत नाही.

‘घरी न्यायला द्या ना’ असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. मी कणसं देते, पण सोबत सांगते की चव इथंच राहील. ज्वारीचा दाणा चिकात असतो तेव्हा त्यात साखर असते. कणीस धाटावरून तुटलं की ती गोडी उतरायला लागते. म्हणून हुरडा खायचा तो शेतात, आगटीच्या कडेला बसून.

त्यासाठीची तयारी सप्टेंबरात सुरू होते. पंधरा दिवसांच्या अंतरानं तुकड्या-तुकड्यानं पेरणी करायची, म्हणजे डिसेंबराच्या शेवटापासून पुढे थोड्या थोड्या दिवसांनी कुठला तरी वाफा हुरड्यावर येतो. एकदम पेरलं तर सगळं रान एका आठवड्यात निबर होतं आणि पाहुण्यांना दाखवायला नुसता कडबा उरतो. वाणही निवडावा लागतो. भाकरीसाठी मालदांडीला तोड नाही. हुरड्याला मात्र गूळभेंडी हवी, सुरती हवी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण आहेत. त्यांचा दाणा बोंडातून सहज सुटतो आणि गोड लागतो.

मग पाखरं. दाणा भरायला लागला की सूर्य उगवायच्या आत माचणावर कुणीतरी हवंच. गोफण फिरवणारा माणूस आता सहज मिळत नाही. जो मिळतो त्याची मजुरी पाहुण्याच्या ताटाच्या हिशेबात धरावी, आणि पाहुण्याला ती सांगावीही.

आगटीपाशी आमच्या वस्तीवरचे तात्या बसतात. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या, ज्वाळा संपून लाल इंगळ झाले की कणसं त्यात खुपसायची. किती वेळ, हे घड्याळावर ठरत नाही, वासावर ठरतं. भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फोलपट फुंकायचं आणि गरम दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, गोडीशेव. एवढंच. काही ठिकाणी हुरड्याबरोबर पनीर आणि नूडल्स मांडतात. माझ्या मते त्यानं हुरड्याचा मान जातो. ज्याला दुसरं काही खायचं असेल त्याला घरात पोटभर जेवण आहेच. आगटीवर ज्वारीच.

जानेवारीत आभाळ भरून आलं की आमच्या पोटात गोळा येतो. ढगाळ हवेत मावा पडतो, पानांवर चिकटा धरतो, हुरडा काळा पडतो. अशा आठवड्यात पाहुण्याला फोन करून खरं सांगावं आणि पुढची तारीख द्यावी. आतापर्यंत तरी यावर कुणी रागावलेलं नाही.

४. मुलांच्या हातात वैरण द्यायची ती आपण निवडून.

शहरातल्या मुलांना गाईला चारा घालायचा असतो. हुरड्यासाठी कापलेल्या धाटांच्या बुडातून जे कोवळे हिरवे फुटवे येतात ते दिसायला सुंदर, पण जनावराला विषारी. त्यांतल्या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. गावात त्याला किराळ लागणं म्हणतात. चांगली गाय काही वेळात आडवी होऊ शकते. गोठ्याशेजारी घासाची पेंडी बांधून ठेवावी. मुलं आनंदानं तीच घालतात.

५. पाहुणा रजईत असताना शेतकरी पाण्यात असतो, हे लपवू नये.

शेतीपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की आमचे हे मध्यरात्री बॅटरी, काठी घेऊन दारं धरायला जातात. गार पाण्यात पाय, वरून वारा, आणि हल्ली बिबट्याची धास्ती. आमच्या उत्तरेला शिरूर-जुन्नरच्या शेतकऱ्यांना तर ती रोजचीच आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, आणि ती प्रत्येक शिवारात पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सकाळी चहाच्या वेळी पाहुणे विचारतात, ‘रात्री कसले आवाज येत होते?’ तेव्हा मी सगळं सांगते. भाजीचा भाव किती घासायचा, याचा विचार त्यातले काही जण त्यानंतर करतात. एका काकांनी पुण्याला गेल्यावर गुडघ्यापर्यंतचे गमबूट पाठवून दिले. ते अजून वापरात आहेत.

६. शेगडी खोलीत कधीही नाही.

शेकोटी अंगणात कितीही वेळ पेटवा. पण ‘थोडे निखारे आत नेऊ का’ याला उत्तर एकच, नाही. बंद खोलीत निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. त्याऐवजी जादा गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी द्यावी.

७. सण पाहुण्यांसाठी करायचा नाही, पाहुण्याला सणात घ्यायचं.

आमच्या सासूबाई चातुर्मासात वांगं खात नाहीत. ते चंपाषष्ठीला सुटतं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून, तळी भरून. त्याआधी कुणी वांग्याचं भरीत मागितलं तर त्या नम्रपणे नाही म्हणतात, आणि का ते सांगतात. पाहुणे ऐकून घेतात. काही जण चंपाषष्ठीला मुद्दाम परत येतात आणि ‘येळकोट येळकोट’ म्हणत तळी उचलायला हात लावतात.

भोगीचंही तसंच. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, वाटाणा, बोरं, वर तिळाचं कूट. त्या दिवसांत शेतात जे आहे तेच भाजीत. सासवडचा वाटाणा याच सुमारास बाजारात असतो, खट्टा बहाराची अंजिरंही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाची खिचडी. भाजी निवडायला पाहुण्या बायकाच नाही, पुरुषही बसतात. आम्ही परातच मध्ये ठेवतो.

८. वाण प्रत्येक बाईच्या हातात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं. पहिल्या वर्षी एक आजी लेक-सुनेबरोबर आल्या होत्या. बायका ओसरीवर जमल्या तशा त्या उठून आत निघाल्या. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. आयुष्यभराची सवय होती. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या आधी त्यांना कुंकू लावून तिळगूळ, सुगड आणि वाण दिलं. तेव्हापासून आमच्या ओसरीवर हाच रिवाज आहे. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारनं तो आदर्श सगळ्या गावांपुढे ठेवला. ठराव हवेतच, पण एखाद्या ओसरीवर कुणीतरी हात धरल्याशिवाय ते घरात पोचत नाहीत. या एका बाबतीत मी कुठल्याही पाहुण्याची किंवा नातेवाइकाची नाराजी पत्करायला तयार आहे.

९. ३१ डिसेंबरला स्पीकर नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला उघड्यावर कायद्यानंच बंदी आहे. शेजारच्या वस्तीवर दुभती जनावरं आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आहेत. बुकिंग घेतानाच सांगते. काही जण फोन ठेवतात. जे येतात त्यांच्यासाठी भजनी मंडळाला बोलावतो, आणि मृग-व्याध ओळखता येणारा आमचा पुतण्या मुलांना घेऊन बांधावर जातो.

१०. शेवटचा वाफा विकायचा नाही.

रथसप्तमीला अंगणात सूर्याचा रथ काढून, गोवऱ्यांवर दूध उतू घातलं की आमच्याकडे आगटी बंद होते. तेव्हाही हुरड्यासाठी फोन येत असतात, आणि हुरड्यावर आलेली ज्वारी विकली तर पैसे दाण्याहून जास्त मिळतात. पण उरलेल्या रानावर घरची वर्षाची भाकरी असते आणि बैलांचा कडबा. काढणीचे दोन आठवडे बुकिंग घेत नाही. काढणीला येणाऱ्या बायकांच्या टोळ्या लांबून येतात, त्यांच्याबरोबर लेकरं असतात. पूर्वी त्या पालात राहायच्या. आता त्या दिवसांत त्याच खोल्या, त्याच रजया आणि बंबाचं तेच गरम पाणी त्यांना मिळतं. वहीत त्या तारखांपुढे आम्ही ‘भरलेल्या’ असं लिहून ठेवतो.