सुट्टीतले आठ आठवडे
(कॉलेजच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी)

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत निदान अडीच-तीन महिने हाती असतात. अकरावीतून बारावीत जाणाऱ्यांना मे महिना मिळतो. बारावी झालेल्यांचा बराच वेळ सीईटीच्या तयारीत जातो, तरी परीक्षेनंतर प्रवेश होईपर्यंत त्यांनाही सवड असते. या दिवसांत मुलांनी काय करावे, हा प्रश्न आपल्या घरोघरी विचारला जातो आणि बहुधा त्याचे उत्तर एखाद्या शिबिराच्या जाहिरातीत शोधले जाते. पाच दिवसांचे शिबिर, भरभक्कम फी आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र! मुलाच्या फाइलमध्ये आणखी एक कागद पडतो. मुलाच्या अंगी काय पडले, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रवेशासाठी याचा उपयोग किती?

आधी खरे ते सांगू या. आपल्याकडे अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि इंजिनिअरिंगचा सीईटी वा जेईईच्या गुणांवर. सुट्टीतल्या उपक्रमांमुळे तेथे यादीत नाव वर जात नाही. म्हणून कोणी ‘प्रवेशाला उपयोगी’ म्हणून महागडे शिबिर विकत असेल, तर पालकांनी सावध असावे.

काही ठिकाणी मात्र मुलाने काय केले हे विचारले जाते. काही खासगी विद्यापीठे निबंध लिहून घेतात, मुलाखत घेतात. अमेरिकेतील अनेक कॉलेजांसाठी ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज भरावा लागतो. त्यात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरांची जागा असते. त्याच यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम हेही प्रकार आहेत. म्हणजे आजारी आजीची शुश्रूषा करणारी मुलगी किंवा वडिलांबरोबर पहाटे भाजी घेऊन बाजारात जाणारा मुलगा रिकामा बसला होता, असे तेथेही कोणी मानत नाही. आपणही मानू नये.

आपल्या विद्यापीठांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. आज लागलेली सवय तेथे कामी येईल.

निवड कशी करावी?

आमच्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे: ‘मी हे काम मध्येच सोडले, तर कोणाचे अडेल?’ कोणाचेच अडणार नसेल, तर तो विरंगुळा आहे. विरंगुळाही हवाच, पण कोणाचे तरी अडत असेल, तर ते काम माणसाला घडवते. म्हणून पाच गोष्टींना हात लावण्यापेक्षा एकच काम आठ आठवडे करावे. वसईत सहज करता येतील अशी तीन कामे पाहू या.

१. विहिरीची वही

आपली विहीर आणि बावखल यांवर वसईची बागायत उभी राहिली. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंपाने उपसा वाढला आणि झिरपणारे पाणी कमी झाले, की खारे पाणी वर सरकते. म्हणून किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागू लागते. हे वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात, पण लिहून कोण ठेवतो?

शेजारच्या पाच विहिरी निवडाव्यात. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, दोरीला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजावे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने पाण्यातील क्षारांचा आकडा घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार योग्य मानले जातात. दुसरा स्रोत नसेल, तर २००० पर्यंत चालतात. मीटरला जंतू कळत नाहीत, म्हणून केवळ या आकड्यावरून पाणी पिण्याजोगे ठरवू नये. मोजताना मालकाची परवानगी घ्यावी, सोबत मोठे माणूस असावे आणि कठड्यावरून वाकू नये.

आठ आठवड्यांत पाच विहिरींच्या ४० नोंदी होतील. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मुलाने त्याच विहिरी मोजल्या, तर तुलना करता येईल. पहिले वर्षच नसेल, तर तुलना कशाशी करणार?

२. आजी-आजोबांचे शब्द

वाड्यांत पूर्वी बैलाने रहाट ओढला जाई. रहाटाच्या प्रत्येक भागाला नाव होते. मोटारपंप आले, रहाट गेले आणि ती नावे आता फक्त वयस्कर माणसांच्या तोंडी उरली आहेत. सामवेदी, वाडवळी अशा आपल्या बोलींतील लग्नगीते, मासळीची नावे, शिव्याशापसुद्धा याच वाटेने चालले आहेत.

यासाठी साधा मोबाईल पुरतो. एका वेळी अर्धा तास, एकच विषय. आधी परवानगी मागावी; बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यावी. त्याच दिवशी ऐकून शब्द व अर्थ वहीत उतरवावेत. नुसती रेकॉर्डिंग साठवली, तर ती पुन्हा कोणी ऐकत नाही.

३. एका मुलाला वाचायला शिकवणे

तिसरी-चौथीतले, वाचताना अडखळणारे एक मूल आपल्या आळीत असतेच. त्याला रोज अर्धा तास द्यावा. ‘असर’ सर्वेक्षणात मुलांचे वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासतात. पहिल्या दिवशी मूल कोणत्या पायरीवर आहे ते लिहावे, पुन्हा शेवटच्या दिवशी पाहावे. शिकवणी त्याच्या घरी, ओटीवर, मोठ्यांच्या देखत असावी. मध्येच दांडी मारली, तर ते मूल दारात वाट पाहत बसेल, हे विसरू नये.

शेवटी एक पान

काम संपले की एक पान लिहावे: काय केले, किती तास केले, काय आढळले, काय जमले नाही. उद्या मुलाखतीत कोणी विचारले, तर हेच पान बोलेल. ‘चौथ्या विहिरीचा आकडा मे महिन्यात वाढला, कारण...’ असे सांगणाऱ्या मुलाला पाठांतर लागत नाही. कोणी नाही विचारले, तरी आपल्याला कशात रस आहे आणि कशाचा कंटाळा येतो हे त्याला कळलेले असते. शाखा निवडताना ही माहिती मोलाची ठरते.

पालकांना एक विनंती. मुलांचे हे काम तुम्ही करू नका. आठवण करून द्या. वही मात्र त्यांच्याच हातात राहू द्या.

घरी चर्चा करण्यासाठी

१. या सुट्टीत आपल्या आळीत कोणाचे काय अडले आहे?
२. त्यातले कोणते काम आठ आठवडे नेटाने करता येईल? दिवस आणि वेळ कोणती?
३. घरकामातील कोणती जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखी वाटून देता येईल?