परदेशी खरेदीला निघण्यापूर्वी : आजारपणाचा विमा कसा निवडावा?

व्यापारी बांधवांनो, परभणी, मानवत, सेलू, जिंतूर भागातले आपले कापडवाले पूर्वी मालासाठी सुरत, भिवंडी, मालेगावपर्यंत जात. आता काही जण दुबई, बँकॉकला आणि चीनमधील ग्वांगझूच्या व्यापार जत्रेलाही जातात. तिकीट, व्हिसा, डॉलरचा भाव यांची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. विम्याचा कागद मात्र न वाचताच खिशात टाकतो.

काही वर्षांपूर्वी मी एका व्यापारी मित्रासोबत दुबईला गेलो होतो. एजंटाने तिकिटासोबत विमाही काढून दिला होता. चौथ्या दिवशी मित्राच्या छातीत दुखू लागले, दवाखान्यात भरती करावे लागले. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण विमा कंपनीने पैसे देण्यास नकार दिला. फॉर्मवर 'शुगर : नाही' असे लिहिले होते आणि मित्र तर आठ वर्षांपासून शुगरच्या गोळ्या खात होता. फॉर्म एजंटाकडच्या मुलाने इंग्रजीत भरला, मित्राने नुसती सही केली. ईदच्या मालासाठी नेलेली रक्कम बिलात गेली. त्या मोसमात त्याचे दुकान अर्धे रिकामे होते. दोष कोणाचा? सही आपली, म्हणून जबाबदारीही आपली.

या अनुभवातून मी जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

१) आजार लपवू नका. शुगर, बीपी, हृदयविकार, जुने ऑपरेशन सर्व लिहा. हप्ता थोडा वाढेल. बहुतेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही. काहींत फक्त जिवावर बेतले असता तातडीचा उपचार मिळतो. आपल्या पॉलिसीत काय आहे ते आधी विचारा.

२) देश पाहून रक्कम ठरवा. अमेरिका व कॅनडा धरून आणि ते सोडून, असे दोन दर असतात, कारण तिथला उपचार फार महाग आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. जिथे सक्ती नाही तिथेही आजार येतोच.

३) मोठ्या आकड्याला भुलू नका. पॉलिसीवर ५०,००० डॉलर लिहिलेले असते, पण आत खोलीभाडे, डॉक्टरची फी यांच्या वेगळ्या मर्यादा असू शकतात, विशेषतः वयस्कर माणसाला. शिवाय वजावट असते. वजावट १०० डॉलर असेल आणि बिल ८० डॉलर झाले, तर कंपनी काहीच देणार नाही.

४) तारखा नीट मोजा. विमा भारतातून निघण्यापूर्वीच काढावा. निघण्याचा आणि परतीचा दिवस त्यात धरावा. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर दोन-चार दिवस जास्तीचे घ्यावेत.

५) मदतीचा फोन नंबर जवळ ठेवा. भरती होताच त्या नंबरवर कळवावे लागते. उशीर झाला तर कॅशलेस मिळणे अवघड होते. नंबर व पॉलिसीची प्रत सोबत्याकडे आणि घरीही ठेवा. बिले, रिपोर्ट, औषधांच्या पावत्या मूळ स्वरूपात जपा.

६) रुग्णाला मायदेशी आणण्याचा आणि मृत्यू झाल्यास मय्यत आणण्याचा किंवा तिथेच दफनाचा खर्च आहे का, हे विचारा. हा प्रश्न नकोसा वाटतो, पण घरच्यांवर हा बोजा टाकू नये.

कारागीर भावांसाठी वेगळी गोष्ट. शिलाई, जरी, वेल्डिंगच्या कामासाठी आखातात जाणाऱ्याला पर्यटकाचा विमा उपयोगाचा नाही. अशा कित्येक पॉलिसींत अंगमेहनतीच्या कामावर झालेली इजा वगळलेली असते. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन क्लिअरन्सची अट आहे, त्यांच्यासाठी सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना २००३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेत अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आणि कर सोडून दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता ठरला.

उमराहच्या व्हिसा शुल्कात विमा धरलेला असतो. तो सौदीतल्या तातडीच्या प्रसंगापुरता असतो. वाटेत दुबईला थांबणार असाल तर तिथली सोय वेगळी करा.

काही बांधव विचारतात, विमा जायज आहे का? इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये जेद्दा येथे व्यापारी विम्याला नाजायज आणि परस्पर सहकार्याच्या विम्याला जायज ठरवले. मलेशियात १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा झाला. जिथे व्हिसासाठीच विमा सक्तीचा आहे, तिथे काय करावे हे आपल्या भागातील मुफ्ती साहेबांना विचारावे. मी व्यापारी आहे, फतवा देणे माझे काम नाही.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आपण कापडाचा ताका घेताना तो उलगडून, उजेडात धरून, डाग पाहून घेतो. विम्याचा कागदही तसाच उलगडून पाहावा. इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून, पुतणीकडून वाचून घ्यावा आणि मगच सही करावी. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे.