पिकअप वाहनातील हिल स्टार्ट असिस्ट : तत्त्व, कार्य आणि मर्यादा

शेतमालाच्या वाहतुकीत बैलगाडी व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडीला पिकअप वाहनाने मोठे स्थान मिळविले आहे. शेतातील कच्च्या चढावरून पक्क्या रस्त्यावर येणे, घाटातील कोंडीत थांबून पुन्हा निघणे, बंगळुरूसारख्या महानगरात उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत थांबत थांबत यशवंतपूर मार्केट यार्ड गाठणे, या प्रत्येक प्रसंगी भरलेले वाहन चढावर उभे करून पुढे काढावे लागते. या वेळी वाहन मागे सरकले तर मागील दुचाकीस्वार, चाकाला दगड लावणारा मदतनीस आणि हौद्यातील नाजूक माल या तिघांनाही धोका संभवतो. हा धोका कमी करण्यासाठी काही पिकअप वाहनांत ‘हिल स्टार्ट असिस्ट’ ही सोय दिलेली असते. तिचे कार्य कसे चालते व ती कोठे अपुरी पडते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

वाहन मागे का सरकते?

चढावर उभ्या असलेल्या वाहनाच्या वजनाचा काही भाग उताराच्या दिशेने ओढ निर्माण करतो. रस्ता १०० मीटर अंतरात १० मीटर चढत असेल तर त्यास १० टक्के चढ म्हणतात. मालासह ३,००० किलो वजनाच्या पिकअपवर ५ टक्के चढाला सुमारे १५० किलो, १० टक्के चढाला सुमारे ३०० किलो आणि १५ टक्के चढाला सुमारे ४४५ किलो वजनाइतकी ओढ मागे लागते.

चालकाचा उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत आणि क्लच पकडेपर्यंत ही ओढ अडविणारे काहीच नसते. टायरचा नेहमीचा रोध वजा करून हिशेब केला, तर मोकळे सुटलेले वाहन दोन सेकंदांत ५ टक्के चढावर सुमारे पाऊण मीटर, १० टक्के चढावर सुमारे १.७ मीटर आणि १५ टक्के चढावर सुमारे २.६ मीटर मागे येते. वाहन भरलेले असो वा रिकामे, हे अंतर जवळपास तेवढेच राहते. भरलेले वाहन थांबविण्यासाठी मात्र वजनाच्या प्रमाणात अधिक बळ लागते.

पोलादी गोळीपासून संवेदकापर्यंत

या सोयीमागील कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आपल्या मोटारीत ‘हिल होल्डर’ नावाची रचना दिली. ब्रेक ऑइलच्या मार्गात एक पोलादी गोळी असे. वाहन चढावर उभे राहिले की गोळी मागे घरंगळून तेलाचा परतीचा मार्ग बंद करी. क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकमधील दाब टिकून राही व क्लच सोडताच गोळी बाजूला सरून ब्रेक मोकळा होई.

आजच्या प्रणालीत हेच काम विद्युत झडपा करतात. घसरण रोखणारी एबीएस प्रणाली बॉश कंपनीने १९७८ मध्ये, तर वाहनाचा तोल सावरणारी ईएससी प्रणाली १९९५ मध्ये बाजारात आणली. हिल स्टार्ट असिस्ट हे बहुधा याच ईएससी यंत्रणेतील पंप, झडपा व संवेदकांचा उपयोग करून दिलेले जादा कार्य होय. बॉशचे भारतातील मुख्यालय बंगळुरूत आहे. डिझेल पंपांमुळे शेतकऱ्यांना परिचित असलेली ‘मायको’ ती हीच कंपनी.

प्रणालीचे टप्पे

१. ओळख : चाकांचे वेग-संवेदक वाहन पूर्ण थांबल्याची नोंद घेतात. दुसरा संवेदक वाहनाच्या लांबीच्या दिशेतील गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजून चढाची तीव्रता ठरवितो.

२. धारण : चालकाने ब्रेक सोडताच झडप बंद होते. चालकाच्या पायाने निर्माण झालेला तेलाचा दाब चाकांच्या ब्रेकमध्येच अडकून राहतो. म्हणूनच थांबताना ब्रेक पुरेसा दाबलेला असणे आवश्यक आहे.

३. मुक्ती : इंजिनाकडून चाकांना पुरेसा जोर मिळू लागला की झडप हळूहळू उघडते व वाहन धक्का न बसता पुढे निघते. चालकाने काहीच केले नाही, तर साधारणतः दोन-तीन सेकंदांनंतर ब्रेक आपोआप सुटतो.

मागे चढ असताना रिव्हर्स गिअरमध्ये निघायचे असल्यास अनेक वाहनांत ही सोय उलट दिशेनेही काम करते.

मर्यादा

पहिली मर्यादा वेळेची. रिकाम्या वाहनाला आणि पूर्ण भरलेल्या वाहनाला धारणकाळ सारखाच मिळतो. परंतु भरलेल्या वाहनाला निघण्यासाठी इंजिनाचा जोर पुष्कळ अधिक लागतो. क्लच सावकाश सोडण्याची सवय असलेल्या चालकाचे वाहन भरलेल्या अवस्थेत मागे येऊ शकते. ही सोय हँडब्रेकला पर्याय नाही. वाहन उभे करून खाली उतरण्यासाठी तिच्यावर कधीही विसंबू नये.

दुसरी मर्यादा जमिनीच्या पकडीची. थांबलेले वाहन चारही चाकांच्या ब्रेकवर उभे असते. १५ टक्के चढासाठी टायर व जमीन यांतील घर्षणांक ०.१५ असला तरी ते टिकते. निघताना मात्र मागील दोनच चाके जोर लावतात. रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर एकूण वजनाच्या ४० टक्के भार धरला, तर त्याच चढावर ०.३७ इतका घर्षणांक लागतो. भरल्यावर हा भार ६० टक्के झाला तर ०.२५ पुरतो. परिणामी ओल्या काळ्या मातीच्या चढावर प्रणाली वाहनास धरून ठेवते, पण सुटण्याच्या क्षणी मागील चाके जागीच फिरतात व वाहन मागे घसरते. अशा ठिकाणी फोर-व्हील ड्राइव्ह किंवा मुरूम टाकलेला रस्ता हाच उपाय आहे.

तिसरी मर्यादा देखभालीची. चाकाजवळील संवेदकावर चिखल साचला किंवा त्याची तार तुटली, तर एबीएस अथवा ईएससीचा दिवा लागतो आणि ही सोय बंद पडते. दिवा लागलेला असताना ती नाहीच असे समजून वाहन चालवावे.

कोणत्या वाहनात ही सोय मिळते?

बंगळुरूजवळील बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने २०२२ मध्ये भारतात आणलेल्या हायलक्स पिकअपमध्ये ही सोय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून सुरू झालेल्या उद्योग-परंपरेचे नाव या कंपनीशी जोडलेले आहे, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. तथापि हे महागडे वाहन सामान्य माल-वाहतुकीसाठी परवडणारे नाही. गावोगावी दिसणाऱ्या छोट्या मालवाहू वाहनांपैकी बहुतेकांत ही सोय नसते. खरेदीपूर्वी विक्रेत्यास ‘या प्रकारात हिल स्टार्ट असिस्ट आहे का आणि ते किती सेकंद धरते?’ असे स्पष्ट विचारावे व चढावर प्रात्यक्षिक मागावे.

सोय नसलेल्या वाहनासाठी पद्धत

• हँडब्रेक पूर्ण ओढून पहिला गिअर टाकावा.
• क्लच हळूहळू सोडून इंजिनाचा आवाज किंचित खाली येईपर्यंत, म्हणजे क्लच पकडू लागेपर्यंत थांबावे.
• ॲक्सिलरेटर थोडा वाढवून वाहन पुढे ओढ घेत असल्याची खात्री होताच हँडब्रेक सोडावा.
• हाफ क्लचवर वाहन चढावर तोलून धरू नये. क्लच प्लेट तापून जळते.
• चाकाला लाकडी ठोकळा लावायचा असल्यास तो वाहन हँडब्रेकवर स्थिर असतानाच, बाजूने लावावा. मदतनिसाने वाहनाच्या मागे उभे राहू नये. निघाल्यावर दगड वा ठोकळा रस्त्यावर सोडू नये.

ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा. भरलेली ट्रॉली जोडलेली असताना चढावर क्लच एकदम सोडल्यास ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

काढणी हंगामापूर्वीच्या प्रशिक्षणात वाहनचालक व हमाल यांना एकत्र बोलवावे. मोकळ्या चढावर मागे कोणीही नसताना प्रथम रिकामे व नंतर भरलेले वाहन उभे करून दोन्हींतील फरक दाखवावा. दोन सेकंद किती अल्प असतात, हे चालकाने भरलेल्या वाहनावर एकदा अनुभवले म्हणजे या सोयीवर किती विसंबावे हे त्यास उमगते. मागे उभे राहू नये, हा नियम हमालांनाही तेथेच प्रत्यक्ष पटवून देता येतो.